चुकीला एक टाळी

ये, बस. दिवा राहू दे चालू. अजून पुरतं अंधारलेलं नाही, पण मला हल्ली दिवा लागलेला बरा वाटतो. आणि ते पुस्तक आधी मांडीवरून खाली ठेव बघू. टेबलावर नको गं, तिकडे, त्या खुर्चीवर. हं.

शेवटचा भाग तुला दिलाय म्हणे वाचायला. उस्तादने सांगितलं असेल, ताईंनी मध्येच सोडलंय, एकदा भेटून या. भला माणूस. स्वतः सांगायची छाती नाही, म्हणून तुला माझ्याकडे पिटाळलंन. असू दे. सांगते सगळं. फक्त मध्ये मध्ये ‘अय्या’ आणि ‘बापरे’ करू नकोस, माझी साखळी तुटते.

तुला ती वाचनाची खोली दाखवली असेलच. खोली कसली, कपाटाची थोरली बहीण. चारही भिंतींना तो काळा स्पंज, खाली जुना गालिचा, एक टेबल, एक दिवा, एक माइक. दार लावलं की बाहेरचं जग बंद. काचेपलीकडे उस्ताद रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी बसलेला. त्याला दिसत नाही, पण माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले की माझ्याआधी त्याला कळतं. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून या अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचतेय. लोक म्हणतात समाजसेवा. डोंबल! मला बोलायला आवडतं आणि तिथे मला कुणी मध्ये अडवत नाही.

तिथला नियम तुला शिकवला असेल. वाचताना चूक झाली की थांबायचं, एक टाळी वाजवायची, मागच्या पूर्णविरामापासून पुन्हा वाचायचं. टाळी ऐकली की उस्तादला कळतं, इथे कापायचंय. चुकीला एक टाळी. बोलायचं काही नाही, ‘सॉरी’ नाही, खाकरणं नाही.

तर हे पुस्तक आलं. दीर्घकाव्य. व्हिक्टोरियन काळातल्या कुणा परदेशी कवीने लिहिलेलं, आणि त्याच्याही शंभरेक वर्षं आधी खरोखर झालेल्या एका खटल्यावर. कुणीतरी जन्म घालवून त्याचं मराठी केलेलं. वजन बघितलंस ना? डोक्यात घातलं तर खटला आपल्यावरच उभा राहील. गोष्ट एवढीच, की एक घड्याळजी होता. सज्जन, देखणा, गोडबोल्या. त्याची तरुण बायको एका सकाळी जिन्याच्या पायथ्याशी मान मोडून पडलेली सापडली. पडली की पाडली, यावर कोर्ट बसलं. मग एकेक जण उठतो आणि पानंच्या पानं बोलतो. शेजारी बोलतो, डॉक्टर बोलतो, तिची आई बोलते, घड्याळजी तर बोलून बोलून जीव घेतो. सगळे बोलतात. ती तेवढी बोलत नाही. मेलेलीच ना ती. कवीने पार न्यायाधीशाच्या कारकुनालासुद्धा बोलायला लावलंय, पण तिला एक ओळ दिलेली नाही.

मला वाचताना त्याचा राग आला होता. पण राग मला कशाचाही येतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

त्यातच माझ्या घरी ठमी आलेली होती. ठमी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. खरं नाव वेगळं, पण जन्मली तेव्हा अशी गोल गरगरीत होती की मी ठमी म्हटलं आणि तेच चिकटलं. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. एका दुपारी पिशवी घेऊन दारात उभी. “मावशी, चार दिवस राहू?” मानेवर इथे, कानाखाली, निळंजांभळं. मी विचारलं तर म्हणाली, “कपाटाचं दार लागलं.” त्यापुढे अळीमिळी गुपचिळी. आमची ठमी पूर्वी झोपेतसुद्धा बडबडायची, आणि आता घरात वावरायची ती पावलांचा आवाज होऊ न देता. चमचा जरी पडला तरी दचकून माझ्याकडे बघायची.

बहिणीचा रोज फोन. “पाठव गं तिला. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. जावई किती चांगला आहे, रोज माझी चौकशी करतो.” जावई मलाही फोन करायचा. आवाज असा की ऐकत राहावं. “मावशी, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगाल तसं.” शनिवारी तिला न्यायला येतो म्हणाला. मी म्हटलं, बघू. खरं सांगू? मला काही कळत नव्हतं. पोरगी तोंड उघडत नाही, आई म्हणते पाठव, नवरा म्हणतो चूक झाली असेल तर पदरात घ्या. मी कोण ठेवून घेणारी? आणि ठेवली नाही आणि काही झालं, तर? रात्रभर कूस बदलत राहायची नि सकाळी जाऊन त्या खोलीत दुसऱ्यांच्या साक्षी वाचायची.

पहिल्यांदा झालं ते शेजाऱ्याच्या साक्षीत. तो म्हणतो, ‘भिंतीपलीकडून आम्हाला कधीही काही ऐकू आले नाही.’ मी ओळ नीट वाचली, आणि टाळी वाजली.

मी काचेतून उस्तादकडे बघितलं. त्याचा आवाज आला, “काय चुकलं, ताई? मला तर बरोबर वाटलं.”

“मला काय विचारतोस? टाळी तू वाजवलीस.”

“मी? माझ्या एका हातात चहा आहे.”

मी परत वाचलं. ‘भिंतीपलीकडून आम्हाला कधीही काही ऐकू आले नाही.’ टाळी. या खेपेला मला कळलं ती कुठून आली. माझ्या मागून. खुर्चीच्या मागे वीतभर जागा आणि मग भिंत, आणि त्या वीतभर जागेतून.

उस्तादने ते मागे नेऊन ऐकलं. एकदा, दोनदा. मग अगदी हळू म्हणाला, “ताई, तुमची टाळी उशी झटकल्यासारखी असते. ही तुमची नाही. ही सुकी आहे... बारीक हातांची.”

मी म्हटलं, तुझ्या यंत्रात झुरळ शिरलं असेल.

मग रोज. सगळीकडे नाही हं. शेजारी म्हणतो, ‘माझे घर तिच्या घराला लागून होते’, काही नाही. ‘ती हसतमुख असे’, टाळी. डॉक्टर म्हणतो, ‘मी प्रेत तपासले’, काही नाही. ‘पडण्याने होते तशीच ती जखम होती’, टाळी. तुझ्या ध्यानात आलं ना? माझ्या यायला वेळ लागला. उस्तादच म्हणाला, “ताई, जो खोटं बोलतो, त्यालाच ती थांबवतेय.”

त्याने ‘ती’ म्हटलं. मी त्याला विचारलं नाही, ती कोण म्हणून.

तू विचारशील, मग पळालात का नाही? अगं, हट्ट. आणि दुसरं म्हणजे मला तिचं वाईट वाटायला लागलं होतं. कवीने एक ओळ दिली नाही बिचारीला. नियम तेवढा तिने ऐकून ऐकून शिकून घेतला होता. चुकीला एक टाळी.

आईची साक्ष आली तेव्हा मात्र माझा आवाज धड लागेना. ती मुलगी मरायच्या आधी माहेरी पळून आलेली असते आणि आई तिला परत पाठवते. आई म्हणते, ‘तिला तिथे काही कमी नव्हते.’ टाळी. इतक्या जवळून, की माझ्या मानेवरचे केस हलले. त्या बंद खोलीत कुठून तरी ओल्या मातीचा वास यायला लागला. मग पुढची ओळ, ‘माझा तिच्यावर जीव होता.’ मी वाचून थांबले. वाट बघितली. दिव्याची ती बारीक गुणगुण, माझा श्वास... आणि काही नाही. टाळी आलीच नाही. मी पुस्तक मिटलं आणि त्या खोलीत बसून रडले.

घरी गेले तर बहिणीचा फोन. “मी तिच्या भल्याचंच सांगतेय ना?” मी फोन ठेवून दिला.

शनिवार आला. मी जावयाला म्हटलं, तू आधी ग्रंथालयात ये, माझं काम संपतंय, मग मिळून घरी जाऊ. आला. इस्त्रीचा शर्ट, पाया पडला, उस्तादचाही हात हातात घेऊन विचारपूस केली. गोगलगाय अन् पोटात पाय. मी म्हटलं, “तुझा आवाज काय सुंदर आहे रे. बस की आत जरा. माइकवर कसा लागतो बघू.” फुशारला. जाऊन बसला. मी दार लावून घेतलं आणि उस्तादच्या शेजारी येऊन कानाला ते हेडफोन लावले. उस्तादने माझा हात चाचपडून घट्ट धरला. माझ्या मनात काय आहे ते त्याला न सांगता कळलं होतं.

मी बटण दाबून विचारलं, “तिच्या मानेवर ते काय होतं रे?”

तो हसला. “सांगितलं नाही तिने? कपाटाचं दार लागलं.”

टाळी.

त्याने मागे वळून बघितलं. “काय वाजलं, मावशी?”

“काही नाही. यंत्राचं असतं तसं. तू बोल. तू कधी हात उचललास तिच्यावर?”

“छे! मी? कधीच नाही.”

टाळी. तो अर्धवट उठला, खुर्चीमागे वाकून बघितलं, परत बसला. कपाळावर घाम आलेला मला काचेतून दिसत होता. पण आवाज तसाच, सायीसारखा. “मावशी, खरं सांगतो, मला तिच्यावाचून करमत नाही.”

मी थांबले. नाही आली टाळी. बाई गं, तेवढ्याने मी विरघळले की! वाटलं, चिडका आहे, चुकतो, पण माया तरी आहे. माणूस किती पटकन फसायला तयार असतं बघ.

“घरी आली की फुलासारखी जपेन.”

टाळी. या वेळी मोठी. तो ताडकन उठला. दाराकडे गेला, मग काय वाटलं कोण जाणे, परत आला आणि माइकच्या अगदी जवळ तोंड नेलं. काचेतून माझ्याकडे बघत होता. हसत होता गं. म्हणाला, “आणि नाहीच आली, मावशी, तर एवढं लक्षात ठेवा... माझ्यावाचून ती जगायची नाही.”

असली वाक्यं नवरे लोक बोलतात. एरवी मी म्हटलं असतं, पुरे तुझी नाटकं. पण मी कान लावून बसले होते. उस्तादने श्वास धरला होता. आम्ही दोघं त्या टाळीची वाट बघत होतो. मी मनात म्हणतेय, वाजव गं. वाजव बाई, एकदा वाजव.

काहीच वाजलं नाही.

तो बाहेर आला, शर्ट नीट केला, म्हणाला, “मी होतो पुढे. घरीच भेटू.” आणि गेला. उस्ताद कुजबुजला, “ताई, आधी घरी फोन... दार उघडू नको म्हणावं.”

ठमीला फोन केला, मिळेल ती गाडी पकडली. जिना चढताना दिवा गेलेला होता. तिसऱ्या मजल्यावर माझं दार, मी हाक मारली, तिने आवाज ओळखून कडी काढली. एकटीच होती. तो आलेला नव्हता. मी आत शिरून कडी, कुलूप घातलं, दाराला टेबल लावलं, आणि तिला जवळ घेऊन म्हटलं, “ठमे, मला कळलंय. सगळं कळलंय.”

तेव्हा बोलली पोरगी. एकदा सुरू झाली ती थांबेना. काय काय सांगितलं ते तुला नाही सांगत, तिचं आहे ते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हटलं, “आता घाबरू नकोस. या घरात तुला कुणी हात लावणार नाही.”

स्वयंपाकघरात टाळी वाजली.

ठमीने डोकं वर केलं. “मावशी... आत कोण आहे?”

आत कोणी नव्हतं. तोवर मला वाटत होतं, ती त्या खोलीतली आहे, त्या पुस्तकातली. ती माझ्या मागे मागे घरी आली होती. आणि मग मला नियम आठवला. टाळी वाजली की मागच्या पूर्णविरामापासून पुन्हा. मी वाक्य बदललं. “आपण निघू या इथून. आत्ता. समोरच्या जिन्याने खाली, आणि नाक्यावर...”

टाळी. लगेच. वाक्य संपायच्या आधी.

“मागच्या जिन्याने,” मी म्हटलं. तो लोखंडी जिना सफाई कामगारांसाठी असायचा जुन्या काळी, आता तिथे सगळे अडगळ ठेवतात. “मागच्या जिन्याने जाऊ.”

दोघी कान देऊन उभ्या. ओल्या मातीचा वास. बाकी काही नाही.

आम्ही गेलो. चपला हातात घेऊन, तुटक्या खुर्च्या ओलांडत. त्याच रात्री पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सांगितलं ते ऐक. त्या संध्याकाळी खाली उतरत होत्या, तर आमच्या दाराच्या वरच्या वळणावर, अंधारात, एक माणूस पायरीवर बसलेला. बूट काढून शेजारी नीट लावून ठेवलेले. जिन्यावरचा दिवा काढून मांडीवर घेतलेला. त्या घाबरल्या, तर अगदी गोड आवाजात म्हणाला, “बायकोची वाट बघतोय.” म्हणजे मी जिना चढून आले, हाक मारली, ठमीने दार उघडलं, तेव्हा तो आमच्या डोक्यावर बसलेला होता.

पोलिसांनी त्याला बोलावून समज दिली. गोडबोल्याच तो, त्यांनाच चहा पाजून आला असेल. मग नोकरी सोडून कुठेसा निघून गेला.

पुस्तक मी तिथेच सोडलं. राहिलाय तो न्यायाधीशाचा निकाल, घड्याळजी निर्दोष सुटतो तो. ते मी तिला वाचून दाखवणार नाही. तुला वाचायचं तर वाच, पण दार किलकिलं ठेव आणि ती थांबवेल तिथे थांब. तिच्यावर चिडू नकोस. तिने माझी पोरगी वाचवलीय. घाबरलीस? अगं, वाईट नाही ती. तिला बोलायला दिलं नाही कुणी, एवढंच.

ठमी ना? आहे छान. माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे, दूर. छोटी नोकरी लागलीय, परवा फोनवर खिदळत होती अगदी पूर्वीसारखी. तिच्या आईलासुद्धा मी पत्ता सांगितलेला नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यामुळे आता काळजी नाही. त्याला ती कुठे आहे ते ठाऊक नाही...

तू वाजवलीस?

तुझे हात बघू. मग... तू नाही वाजवलीस? थांब. हलू नकोस. त्याला ती कुठे आहे ते...

ऐकलंस ना? ऐकलंस. माझा फोन कुठाय? तुझ्या मागे असेल, दे, दे लवकर. वाजतोय. वाजतोय नुसता. ठमे, उचल. उचल गं बाई.